नव्या आर्केड रेसिंग गेमची घोषणा झाली की खेळाडू नेमके काय मागतात?

एखाद्या छोट्या स्टुडिओने नव्या आर्केड रेसिंग गेमची घोषणा केली की पुढचे काही आठवडे या प्रकाराच्या चाहत्यांमध्ये तोच एक विषय असतो. हाती असतो दीड-दोन मिनिटांचा ट्रेलर: समुद्रालगतचा रस्ता, एक बोगदा, घसरत घेतलेले एक लांबलचक वळण आणि शेवटी ‘लवकरच’ एवढाच शब्द. तेवढ्या भांडवलावर मागण्या सुरू होतात. गाड्या भरपूर हव्यात, ट्रॅक भरपूर हवेत, ऑनलाइन शर्यती हव्यात, एका टीव्हीवर दोघांना खेळता आले पाहिजे, संगीत जुन्या दिवसांची आठवण करून देणारे हवे, आणि हे सारे मोठ्या कंपनीच्या गेमपेक्षा बऱ्याच कमी किमतीत हवे. यातली एकही मागणी एकेकटी पाहिली तर अवाजवी नाही. मात्र या सर्व मागण्या त्याच मोजक्या माणसांच्या वेळेवर हक्क सांगतात, आणि गेम शेवटी जमला की फसला हे ज्या गोष्टीवर सर्वाधिक ठरते, ती गाडीची हाताळणी ट्रेलरमध्ये दिसूच शकत नाही. त्यामुळे अपेक्षा बहुधा दिसणाऱ्या गोष्टींभोवती जमतात आणि निराशा न दिसलेल्या गोष्टीतून येते.

आर्केड रेसिंग म्हणजे काय, हे आधी पाहू. सिम्युलेशन प्रकारच्या गेममध्ये टायर किती तापले, टाकीत इंधन किती उरले, रस्ता किती ओला आहे, याचा हिशेब खऱ्या गाडीच्या जवळ जाईल अशा रीतीने मांडलेला असतो. आर्केड गेमचा उगम नाणे टाकून खेळायच्या यंत्रांत आहे. सेगाचा १९८६ सालचा ‘आउटरन’, नामकोचा १९९३ चा ‘रिज रेसर’ आणि त्याच सुमारास आलेला सेगाचा ‘डेटोना यूएसए’ हे या घराण्याचे मूळ पुरुष म्हणता येतील. यंत्राच्या मालकाला दर काही मिनिटांनी नवे नाणे हवे असे, आणि खेळणाऱ्याला पहिल्या नाण्यातच गंमत वाटली नाही तर तो शेजारच्या यंत्राकडे वळत असे. म्हणून घड्याळ उलटे चाले, ठरावीक टप्पा गाठला की काही सेकंद वाढवून मिळत, आणि गाडी अशी घडवलेली असे की पहिले वळण कोणालाही घेता यावे, पण ते उत्तम घ्यायला बरीच नाणी खर्ची पडावीत. पहिल्या मिनिटाला सोपे वाटावे आणि पन्नासाव्या तासालाही पुरते हाती आलेले नसावे, ही दुहेरी अट त्या यंत्रांनी घालून दिली आणि आजचा खेळाडू नकळत तीच अट पुढे करतो.

मोठ्या प्रकाशकांनी या प्रकारातून बराच काळ अंग काढून घेतले होते, हेही लक्षात घ्यायला हवे. मे २०१० मध्ये ‘ब्लर’ आणि ‘स्प्लिट/सेकंड’ हे मोठ्या खर्चाचे दोन आर्केड रेसिंग गेम काही दिवसांच्या अंतराने बाजारात आले आणि पुढच्याच वर्षी ते बनवणारे बिझार क्रिएशन्स आणि ब्लॅक रॉक हे दोन्ही ब्रिटिश स्टुडिओ बंद झाले. ‘बर्नआउट’ मालिकेतला शेवटचा मोठा नवा गेम २००८ चा. निन्टेंडोची ‘एफ-झीरो’ मालिका २००४ नंतर थांबली ती थेट २०२३ मध्ये हलली, आणि तीही वेगळ्याच स्वरूपात. या रिकाम्या जागेत छोटे, स्वतंत्र स्टुडिओ शिरले. त्यामुळे ज्याची आवडती मालिका बंद पडली तो प्रत्येक चाहता आपली जुनी आठवण घेऊन या छोट्या स्टुडिओच्या दारात उभा राहतो.

आठवणीतला गेम

कोणती आठवण, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. ब्राझीलचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. १९९२ साली सुपर निन्टेंडोवर आलेला ‘टॉप गिअर’ हा गेम तिथल्या एका संपूर्ण पिढीने खेळला. पोर्तू अलेग्रे शहरातल्या अक्विरिस स्टुडिओने त्याच आठवणीला डोळ्यांपुढे ठेवून २०१५ मध्ये मोबाइलसाठी ‘होरायझन चेस’ काढला, आणि २०१८ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती ‘होरायझन चेस टर्बो’ संगणक आणि प्लेस्टेशनवर आणली. ‘टॉप गिअर’चे संगीतकार बॅरी लीच यांनाच नव्या गेमच्या संगीतासाठी बोलावले. एका टीव्हीवर चौघांनी खेळायची सोय दिली, कारण मूळ गेमची मजाच शेजारी बसून खेळण्यात होती. एवढे ठामपणे एकच स्मृती निवडल्यामुळे खेळाडूने काय मागायचे आणि काय मागायचे नाही, हे आपोआप ठरून गेले. मोकळे जग, म्हणजे हवे तिकडे फिरता येईल असा नकाशा, गाड्यांची मोडतोड किंवा खरी कंपनी-नावे कोणी मागितली नाहीत असे नाही, पण ती न मिळाल्याचा राग फारसा टिकला नाही.

आपल्याकडे ज्यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतरच्या काही वर्षांत सायबर कॅफेत किंवा कॉम्प्युटर क्लासच्या सुट्टीत वेळ घालवला, त्यांच्यासाठी ती जागा ‘रोड रॅश’ची आहे. मोटारसायकलवरून शेजारच्याला लाथ घालायची, त्याच्या हातातली साखळी हिसकावायची आणि मागून येणाऱ्या पोलिसाला चुकवायचे, एवढा तो सरळ गेम होता. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने तो १९९१ मध्ये सेगाच्या यंत्रासाठी काढला आणि काही वर्षांनी तो विंडोजवर आला. त्याचा वारसा सांगणाऱ्या ‘रोड रिडेम्पशन’साठी २०१३ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे जमा झाले आणि तो पूर्ण स्वरूपात ऑक्टोबर २०१७ मध्ये आला. मारामारी होती, वेग होता, साखळ्याही होत्या. पण त्याची रचना वेगळी होती: वाटेत मेलात की मोहीम पुन्हा पहिल्यापासून, फक्त मिळवलेल्या गुणांतून घेतलेल्या सुधारणा तेवढ्या हाताशी राहणार. छोट्या चमूच्या दृष्टीने ही रचना शहाणपणाची आहे, कारण थोड्या रस्त्यांवर खूप तास खेळता येतो. ज्याला जुन्या गेमसारखी एकेक शर्यत जिंकत वरच्या पातळीला जायचे होते, त्याला मात्र हा आपला गेम वाटला नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. घोषणेच्या वेळी ‘रोड रॅशसारखा’ या एका शब्दप्रयोगात दोन वेगवेगळे गेम दडलेले होते, आणि ते वेगळे करून सांगण्याचे काम प्रदर्शनाआधीच व्हायला हवे होते, असे माझे मत आहे.

‘बर्नआउट’च्या चाहत्यांची गोष्ट आणखी अवघड. ती मालिका घडवणाऱ्या क्रायटेरियनमधील काही प्रमुख मंडळींनी थ्री फील्ड्स एंटरटेनमेंट नावाचा छोटा स्टुडिओ काढला आणि एप्रिल २०१९ मध्ये ‘डेंजरस ड्रायव्हिंग’ आणला. माणसे तीच, त्यामुळे अपेक्षाही २००४ च्या ‘बर्नआउट ३’ची. पण त्या जुन्या गेममागे मोठ्या प्रकाशकाचा पैसा होता. नव्यात स्वतःचे संगीतच नव्हते, त्याऐवजी खेळाडूने आपले स्पॉटिफाय जोडायचे होते. समोरच्या गाडीला धडकवून उडवण्याची ओळखीची मजा त्यात होती, तरी पुष्कळांना पहिल्यांदा जाणवली ती शांतता.

हाताला बसणारी गाडी

आता त्या न दिसणाऱ्या गोष्टीकडे वळू. गाडी हाताला बसते की नाही, हे ज्यातून ठरते त्या गणिती रचनेला हाताळणीचे मॉडेल म्हणतात. खऱ्या टायरची पकड एका मर्यादेपर्यंत वाढते. गाडीचे तोंड आणि तिची प्रत्यक्ष दिशा यांतला कोन थोडा वाढला की पकड कमाल पातळीला पोहोचते आणि त्यापुढे उतरू लागते. खरी गाडी म्हणूनच अचानक हातची सुटते. आर्केड गेममध्ये हा उतार मुद्दाम सौम्य केलेला असतो. गाडी घसरायला लागल्यावर गेम गुपचूप तिचे तोंड वळणाच्या आत ओढतो, घसरताना जाऊ पाहणारा वेग बराचसा राखून ठेवतो आणि खेळाडूने चाक सरळ केले की पकड परत देतो. गाडी उलटू नये म्हणून तिचा गुरुत्वमध्य खऱ्यापेक्षा खूप खाली, कधी कधी तर रस्त्याच्याही खाली मानलेला असतो. भिंतीला तिरके घासले तर गाडी थांबत नाही, भिंतीच्या दिशेने सरकत पुढे जाते. यातली एकही मदत खेळाडूला कळता कामा नये, आणि प्रत्येक मदत योग्य प्रमाणात हवी. जास्त झाली तर गाडी रुळावर चालल्यासारखी वाटते, कमी झाली तर बर्फावर.

त्यातही घसरत वळण घेण्याच्या, म्हणजे ड्रिफ्टच्या, पद्धती घराण्याघराण्यानुसार बदलतात. ‘रिज रेसर’मध्ये क्षणभर वेग सोडून, चाक वळवून पुन्हा वेग द्यायचा असतो. ‘डेटोना यूएसए’मध्ये गिअर खाली टाकून गाडी घसरवायची असते. ‘बर्नआउट’मध्ये वळताना ब्रेकवर हलकी टिचकी पुरते, तर ‘मारिओ कार्ट’मध्ये बटण दाबून धरायचे आणि सोडताना वेगाचा एक झटका बक्षीस मिळवायचा. ज्याच्या बोटांना यातली एक सवय लागलेली आहे, त्याला दुसरी पद्धत चुकीचीच वाटते. ‘हाताळणी बिघडलेली आहे’ अशा तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचा खरा अर्थ ‘ही माझ्या घराण्याची हाताळणी नाही’ असा असतो. २०२० मध्ये आलेल्या ‘इनर्शियल ड्रिफ्ट’ने यावर वेगळाच मार्ग काढला: हातात धरायच्या कंट्रोलरवरच्या डाव्या काडीने गाडी वळवायची आणि उजव्या काडीने घसरणे किती हवे ते ठरवायचे. कोणत्याही जुन्या सवयीशी ते जुळत नव्हते, म्हणून प्रत्येकालाच नव्याने शिकावे लागले. माझ्या दृष्टीने हा गेल्या काही वर्षांतला सर्वांत धाडसी निर्णय होता, आणि तो एखाद्या मोठ्या प्रकाशकाने मान्य केला असता असे वाटत नाही.

छोट्या स्टुडिओपुढची आणखी एक अडचण म्हणजे तयार सामग्री. युनिटी आणि अनरिअल या दोन्ही प्रचलित गेम-इंजिनांत, म्हणजे गेम बांधण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, चाके आणि सस्पेन्शन यांचे तयार भाग मिळतात. ते प्रामुख्याने खऱ्या गाडीच्या भौतिकीवर बेतलेले असतात आणि जसेच्या तसे वापरले तर गाडी जड, डगमगती आणि वळणावर हट्टी वाटते. अनुभवी खेळाडूला हे दोन मिनिटांत जाणवते. म्हणून या प्रकारातले चांगले स्टुडिओ हा भाग मोडून स्वतःचा लिहितात, आणि तो हाताला बसेपर्यंत महिनोन्महिने आकडे थोडे इकडे, थोडे तिकडे करत राहतात. या काळात दाखवण्यासारखे नवे काहीच नसते. बाहेरून काम थंडावल्यासारखे दिसते, आणि नेमक्या याच काळात खेळाडूंचा धीर सुटतो.

हाताळणीच्या बाबतीत आपल्याकडच्या वाचकांसाठी एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, तो कीबोर्डचा. कंट्रोलरची काडी अर्धी, पाव, जरा कमी अशी वळवता येते. कीबोर्डची कळ मात्र दाबलेली असते किंवा नसते. कळ दाबताच चाक पूर्ण वळले तर गाडी धक्के खात जाईल, म्हणून गेमला वळण हळूहळू वाढवावे आणि कळ सोडल्यावर हळूहळू कमी करावे लागते, शिवाय वेग जास्त असताना कमी वळवावे लागते. ज्या स्टुडिओत सगळे कंट्रोलरवरच खेळतात, तिथे या कामाकडे शेवटच्या आठवड्यात लक्ष जाते. कीबोर्डवर खेळणाऱ्यांनी ही मागणी घोषणेच्या पहिल्या दिवसापासून मोठ्याने करावी.

वेग कसा जाणवतो

ताशी २०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ५५ मीटर. गेम सेकंदाला ३० चित्रे दाखवत असेल तर दोन चित्रांच्या मध्ये गाडी सुमारे १.८५ मीटर पुढे गेलेली असते. ६० चित्रे असतील तर हे अंतर निम्मे होते. सेकंदाला ६० चित्रे, म्हणजे फ्रेम, हव्यात हा आग्रह म्हणूनच निव्वळ चोखंदळपणाचा नाही, कारण वळणाच्या तोंडाशी ब्रेक कधी लावायचा, हे डोळ्यांना कळण्याचा तो प्रश्न आहे. जर्मनीच्या शिनेन स्टुडिओने मार्च २०१७ मध्ये निन्टेंडो स्विचबरोबरच आलेल्या ‘फास्ट आरएमएक्स’मध्ये सेकंदाला ६० फ्रेम सांभाळून दाखवल्या, त्यामुळे ‘छोट्या यंत्रावर हे होत नाही’ ही सबब तेव्हापासून फारशी चालत नाही.

पण वेगाचा आकडा आणि वेगाचा भास या वेगळ्या गोष्टी आहेत. कॅमेरा जमिनीलगत आणला, वेग वाढताना दृश्याचा कोन रुंदावला, रस्त्याच्या कडेला खांब, झाडे, पाट्या दाटीने लावल्या आणि रस्ता थोडा अरुंद केला, की तोच आकडा दुप्पट वाटतो. उलट रुंद, मोकळ्या रस्त्यावर ताशी ४०० किलोमीटरही संथ भासतात. ट्रेलरमध्ये कॅमेरा बहुधा गाडीच्या बाजूने किंवा वरून फिरतो, आणि हा भास गाडीच्या मागच्या कॅमेऱ्यातूनच तपासता येतो. म्हणून शर्यतीचे सलग, न कापलेले चित्रण दाखवा ही खेळाडूंची मागणी अगदी योग्य आहे.

जुन्या धाटणीच्या गेममध्ये तंत्रच वेगळे असते. ‘आउटरन’मध्ये खरे त्रिमितीय जग नव्हते. रस्ता पडद्यावर आडव्या रेषा एकावर एक रचून काढलेला असे, वळण दाखवायचे तर त्या रेषा बाजूला सरकवत, आणि झाडे-गाड्यांची सपाट चित्रे जवळ येताना मोठी केली जात. ब्राझीलमधल्याच एका एकट्या निर्मात्याने किकस्टार्टरच्या आधारे बनवलेला २०१८ चा ‘स्लिपस्ट्रीम’ याच दृश्यशैलीचा वारस आहे. अशा गेममध्ये वळणावर तुमचे काम असते बाहेर फेकणाऱ्या ओढीला तोंड देण्याचे. गाडी मागे वळवून उलट दिशेने नेता यावी किंवा रस्ता सोडून रानात शिरता यावे, ही अपेक्षा तिथे निरर्थक ठरते, कारण रस्त्याबाहेर जगच नसते.

प्रतिस्पर्धी गाड्यांबद्दलची अपेक्षा मोठी गमतीची आहे. पुढे गेलेल्या खेळाडूच्या मागच्या गाड्यांना चोरून वेग द्यायचा आणि मागे पडलेल्यासाठी पुढच्या गाड्या मंदावायच्या, या युक्तीला रबर-बँडिंग म्हणतात. कोणत्याही खेळाडूला विचारा, तो ही युक्ती नको म्हणेल. ती पूर्ण काढून टाकली, की तोच खेळाडू दुसऱ्या फेरीपासून एकट्यानेच गाडी हाकत असतो आणि शर्यत कंटाळवाणी झाल्याची तक्रार करतो. व्यवहारात खेळाडूंना हवी असते ती न पकडली जाणारी युक्ती: मागच्या गाडीचा वेग वाढावा, पण तिच्या जातीच्या गाडीला शक्य आहे तेवढाच, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात तर मुळीच नाही.

संख्या आणि सोबत

ट्रॅक किती, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. एक चांगला ट्रॅक म्हणजे आधी साध्या ठोकळ्यांचा रस्ता, त्यावर शेकडो फेऱ्या, मग वळणांची दुरुस्ती, मग देखावा, मग प्रतिस्पर्ध्यांना त्या रस्त्यावरून कसे जायचे ते शिकवणे, आणि मग पुन्हा फेऱ्या. म्हणून छोटे स्टुडिओ तोच रस्ता उलट दिशेने, आरशातल्यासारखा किंवा रात्रीच्या प्रकाशात देतात. याला फसवणूक म्हणणे मला पटत नाही; ‘डेटोना यूएसए’च्या मूळ यंत्रात अवघे तीन रस्ते होते आणि लोक ते वर्षानुवर्षे खेळले. दुसरा उपाय म्हणजे ट्रॅक बनवण्याचे साधनच खेळाडूंच्या हाती देणे. ‘डिस्टन्स’ या गेमने तेच केले, आणि ‘ट्रॅकमेनिया’ मालिका तर २००३ पासून बऱ्याच अंशी खेळाडूंनी बनवलेल्या रस्त्यांवरच उभी आहे.

ऑनलाइन शर्यतींची मागणी मात्र जितकी सार्वत्रिक, तितकीच महागडी आहे. दोन खेळाडूंमधला संदेश पोहोचायला शंभर मिलिसेकंद लागत असतील, तर ताशी २०० किलोमीटर वेगाच्या गाडीने तेवढ्यात साडेपाच मीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीहून अधिक अंतर कापलेले असते. त्यामुळे तुमच्या पडद्यावर दिसणारी दुसऱ्याची गाडी हा नेहमीच गेमने केलेला अंदाज असतो. सरळ रस्त्यावर तो अंदाज बरोबर येतो. दोन गाड्या एकमेकींना घासल्या, की तुमच्या पडद्यावर तुम्ही आत आणि त्याच्या पडद्यावर तो आत, आणि कोणाचे खरे मानायचे हा वाद गेमला मिलिसेकंदांत सोडवावा लागतो. ‘ट्रॅकमेनिया’ने गाड्या एकमेकींच्या आरपार जाऊ देऊन हा प्रश्नच मिटवला. धडकाधडकीवर उभ्या असलेल्या गेमला ती सोय नाही.

तांत्रिक बाजू जमली तरी माणसे लागतात. छोट्या गेमचे काही हजार खेळाडू वेगवेगळी यंत्रे, वेगवेगळे खंड आणि वेगवेगळ्या वेळा यांत विभागले, की रात्री साडेदहाला नागपूरहून शर्यत शोधणाऱ्याला समोर कोणीच सापडत नाही, किंवा सापडतो तो युरोपातला. म्हणून भुतांची सोय, म्हणजे मित्राने आधी नोंदवलेली फेरी तुमच्यासोबत अर्धपारदर्शक गाडी होऊन धावणे, ही मला छोट्या स्टुडिओसाठी अधिक योग्य वाटते. ती साठवायला अगदी थोडी माहिती लागते आणि समोरचा जागा असण्याची गरज नसते. एका पडद्यावरच्या खेळासाठीही किंमत मोजावी लागतेच, कारण चौघांसाठी तेच जग चार वेळा काढावे लागते आणि मग त्या ६० फ्रेमना धक्का लागतो. पण स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातल्या रिमोट प्ले टुगेदर या सोयीमुळे २०१९ पासून असा घरगुती खेळ दूरच्या मित्राबरोबरही खेळता येतो, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात नसते.

खऱ्या कंपन्यांच्या गाड्या मागणाऱ्यांनी परवान्यांचा मुद्दा समजून घ्यावा. परवान्याला पैसे लागतात, मुदत असते, आणि गाडी कितपत मोडलेली दाखवायची यावरही निर्बंध येऊ शकतात. मुदत संपली की मोठ्यांनाही माघार घ्यावी लागते: ‘फोर्झा होरायझन ४’ ची विक्री १५ डिसेंबर २०२४ पासून याच कारणाने बंद झाली. स्वतंत्र गेममधली ‘कुठेतरी पाहिल्यासारखी’ पण निनावी गाडी या त्रासातून मुक्त असते. याच्या जोडीने आता खेळाडू आणखी एक गोष्ट विचारू लागले आहेत: इंटरनेटशिवाय हा गेम चालेल का? युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी ‘द क्रू’ या आपल्या रेसिंग गेमचे सर्व्हर बंद केले तेव्हा एकट्याने खेळायचा भागही चालेनासा झाला, आणि पैसे मोजलेल्यांच्या हाती काही उरले नाही. छोट्या स्टुडिओने याचे उत्तर घोषणेतच द्यायला हवे.

तारीख, डेमो आणि पैसे

तारखेबद्दलची अपेक्षा सर्वांत जास्त वेळा मोडते. ‘डिस्टन्स’साठी २०१२ मध्ये पैसे जमले, अपूर्ण आवृत्ती २०१४ मध्ये विक्रीला आली आणि पूर्ण गेम सप्टेंबर २०१८ मध्ये. फिनलंडच्या बगबेअर स्टुडिओने २०१३ मध्ये किकस्टार्टरवरची मोहीम मध्येच थांबवली, जानेवारी २०१४ मध्ये अपूर्ण गेम थेट विक्रीला ठेवला, आणि ‘रेकफेस्ट’ या नावाने तो पूर्ण व्हायला जून २०१८ उजाडला. या दोन्हींची अखेर चांगली झाली. सेगाच्या जुन्या यंत्रांवरून स्फूर्ती घेतलेल्या ‘९०ज आर्केड रेसर’साठीही २०१३ मध्येच लोकांनी पैसे दिले होते, पुढे त्याला प्रकाशक मिळाला, नाव बदलून ‘९०ज सुपर जीपी’ झाले, नव्या यंत्रांची नावे जाहीर झाली, आणि वाट पाहणे मात्र वर्षानुवर्षे लांबतच गेले. अपूर्ण गेम विकत घेताना पुढे काय येणार या यादीकडे न पाहता आज जे हातात आहे तेवढ्याचे पैसे द्यावेत, असे मी सुचवेन.

घोषणेनंतर काही महिन्यांनी बहुधा डेमो येतो, अनेकदा स्टीमच्या नेक्स्ट फेस्ट या आगामी गेमच्या डेमो-महोत्सवात. डेमोत एक-दोनच ट्रॅक असतात, पण हाताळणी तपासायला एक पुरतो. तोच ट्रॅक पुन्हा पुन्हा चालवून पाहावा. आपली वेळ सुधारत असेल आणि कशामुळे सुधारली ते सांगता येत असेल, तर गाडीचे गणित पक्के आहे. वेळ कधी कमी, कधी जास्त होते पण कारण कळत नसेल, तर गाड्यांच्या संख्येने ती उणीव भरून निघणार नाही. मुद्दाम भिंतीला घासून पाहावे, मुद्दाम शेवटच्या क्रमांकावर राहून पुढच्या गाड्या कशा वागतात ते पाहावे. डेमो नसेल तर स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात, आणि आर्केड रेसिंगच्या बाबतीत दोन तास पुष्कळ झाले. कीबोर्डवर खेळणार असाल तर ही सगळी तपासणी कीबोर्डवरच करा; मित्राच्या कंट्रोलरवर सुरेख चाललेली गाडी घरच्या कळांवर तशीच चालेल, याची खात्री कोणताही स्टुडिओ देत नाही.